वरच्या तळ्याची पाळी

डोंगरातल्या लोकांनी वीज नाकारली, असं सांगलीत परतल्यापासून मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. खानावळीत ऐकलं, कॉलेजच्या वाचनालयात ऐकलं, आणि एका सभ्य गृहस्थांनी तर जणू स्वतः तिथं हजर असल्यासारखं मलाच सांगितलं. मी म्हणालो, मी होतो तिथं. ते म्हणाले, “मग तुम्हाला ठाऊकच असेल.” यावर मला काही सुचलं नाही. समोरासमोर मला कधीच सुचत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. लिहिताना हात अजून बिचकतो आणि वाक्य लांबलं की वाट चुकल्यासारखं होतं. पण एका गावावर खोटं बसतं आहे आणि ते गाव इथं येऊन बोलणार नाही. तेव्हा जसं पाहिलं तसं सांगतो.

सांगलीहून

भूपाल चौगुले यांना सगळे आण्णा म्हणतात. सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातले हे गृहस्थ उमेदीची वर्षं घाटातल्या एका वीजघरात काढून आता आम्हाला शिकवतात. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक कल्पना घर करून आहे. डोंगरावर एक तळं, पायथ्याला दुसरं. वरचं पाणी नळातून खाली सोडायचं आणि त्यावर चाक फिरवून वीज करायची, इथवर नवं काही नाही. आण्णांचं पुढचं आहे. रात्री गिरण्या थांबल्या की घाटातल्या वीजघरांची वीज उरते. त्या उरलेल्या विजेवर पंप चालवून खालचं पाणी पुन्हा वरच्या तळ्यात चढवायचं. दिवसा मागणी वाढली की सोडायचं. पाणी तेच, काम रोज नवं. परदेशात अशी वीजघरं चालू आहेत, असं आण्णा सांगतात.

वर्गात पुष्कळांना हा खेळ वाटला. मला तो घरचा वाटला. मी जतकडचा. आमच्याकडे ज्या पाण्यात हात धुतले त्यात भांडी विसळतात, भांड्यांचं पाणी मेंढरांपुढं ठेवतात आणि मेंढरांनी उष्टं केलेलं शेवग्याच्या बुडात ओततात. एकाच कामात पाणी संपवणाऱ्या सुनेला आमच्याकडे उधळी म्हणतात. तेच पाणी रोज कामाला लावायचं म्हणजे आमच्या आजीनंच काढलेली योजना, असं मी आण्णांना भीत भीत म्हणालो. ते मोठ्यानं हसले आणि दिवाळीच्या सुटीत मला बरोबर घेऊन निघाले.

मुंबईची एक कंपनी यात भांडवल घालायला तयार झाली होती. जागा योग्य निघाली आणि गाव राजी असलं तर पुढं जायचं, असं ठरलं होतं. कंपनीतर्फे पोतनीस नावाचे साहेब यायचे होते. इथं एक स्पष्ट करतो. कंपनीनं यात नफा कमवावा याला माझी हरकत नव्हती, आजही नाही. पैसा लावणाऱ्याला पैसा मिळाला नाही तर असली कामं कोण उभी करील? आम्ही गेलो ते या योजनेचे भाट म्हणूनच गेलो.

पाटणच्या रस्त्यावर

कराडला गाडीतून उतरून मोटार धरली. युद्ध संपून वर्ष उलटलं तरी ही मोटार अजून कोळशाच्या गॅसवरच होती. मागं बंब बांधलेला, त्याचा धूर थेट शेवटच्या बाकावर. पहिल्याच चढाला ती थांबली. ड्रायव्हरनं दार उघडून हाळी दिली, “उतरा मंडळी. लक्ष्मी दमली.”

सगळे उतरले. कोंबड्या घेतलेली म्हातारी उतरली, गुडघे धरून आण्णा उतरले. पुढच्या बाकावर हॅट घातलेले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. आम्ही मागून ढकलत होतो. शेजारचा शेतकरी दम टाकत म्हणाला, “ह्यो गडी उतरला आसता तर लक्ष्मी निम्म्यात चढली आसती.” म्हातारी म्हणाली, “आरं, त्येच्या हॅटचंच वजन लय हाय.”

चढ संपल्यावर आण्णांनी माझी त्यांच्याशी ओळख करून दिली. तेच पोतनीससाहेब. त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या तळहाताकडे पाहिलं आणि नमस्कार लांबूनच केला.

पायथ्याच्या वाडीपासून पुढं मोटार नाही. साहेबांसाठी खुर्चीला दोन बांबू बांधून आणले होते आणि चार गडी उभे होते. साहेब खुर्चीत बसून वर गेले. आमच्या मुलखात अशी खुर्ची मी पाहिली नव्हती. आमच्याकडे माणूस खांद्यावर चढतो तो एकदाच, आणि तेव्हा त्याला हॅट नसते. मी जमीन मोजायच्या दुर्बिणीची पेटी डोक्यावर घेऊन चढलो. उतारावरच्या जांभ्या दगडावर पाय घसरून एकदा आडवा झालो. पेटी वाचवली, पण खिशातली दौत फुटली आणि पुढचे दिवस निळ्या छातीनं हिंडलो.

सड्यावर

वर पोचल्यावर मात्र बोलणंच बंद झालं. डोंगराचा माथा म्हणजे टोक असणार अशी माझी समजूत. इथं माथ्यावर सपाट, लांबच लांब कातळ पसरलेला. त्याला हे लोक सडा म्हणतात. पिवळं गवत वाऱ्यानं एका अंगाला निजलेलं होतं. मधोमध एक खोलगट भाग, त्यात पाऊसकाळचं उरलेलं पाणी आभाळ घेऊन पडलेलं. एका बाजूला खाच होती. तेवढी भिंत घातली की तळं तयार. दुसऱ्या अंगाला कडा, आणि कड्याखाली ओढ्याचं अरुंद खोरं. आण्णा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बाळ, निसर्गानं हे आपल्यासाठी अर्धं बांधून ठेवलंय रे.” त्यांचे डोळे पाणावले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

गाव सड्याच्या थोडं खाली, एका झऱ्याच्या आधारानं वसलेलं. आम्ही उतरलो ते तानूबाईंच्या घरी. घरात त्या आणि त्यांची सासू. नवरा पलटणीत, युद्धाच्या काळात समुद्रापलीकडं गेलेला. पुष्कळांचे घरी आले, यांचा आला नाही आणि तो नसल्याची खबरही आली नाही. कपाळाला कुंकू ठळक होतं.

मी त्यांना सवयीनं ‘अक्का’ म्हणालो. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं कानडी बोलत्यात वाटतं?”

“थोडं थोडं. मेंढरं कानडी, माणसं मराठी.”

“मग मेंढरास्नी राग कंच्या भाषेत येतो?” असं म्हणून त्या चुलीपुढं बसल्या.

आण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. हे कसं सांगावं या विचारात मी होतो, कारण डोंगरात जेवणं अंधार पडल्यावरच होतात. पण त्यांनी सूर्याकडं दोनदा पाहिलेलं तानूबाईंनी हेरलं. काही न विचारता त्यांनी नाचणीची भाकरी थापली, घेवड्याची भाजी केली. कांदा-लसणाचं सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “ठावं हाय. कराडच्या बाजाराला जैनाचं दुकान हाय की.” नाचणीची भाकरी मी प्रथमच खात होतो. आमची ज्वारीची भाकरी पांढरी आणि फुगणारी, ही काळसर, ओलसर, पोटात दगडासारखी बसणारी. दुसऱ्या घासाला आवडली.

घरामागं त्यांची एक पट्टी होती, नांगरून मोकळी पडलेली. शेजारच्या पट्ट्यांत गहू पेरायची तयारी दिसत होती. इथं पाऊस इतका की चार महिने घराबाहेर निघवत नाही, आणि पाऊस गेला की सगळं पाणी कड्यावरून पळून जातं. उरतो तो झरा. त्याच्या पाण्याचा एक पाट काढलेला आहे आणि पाण्याच्या पाळ्या आहेत.

मी विचारलं, “तुमच्या पट्टीत काय पेरणार?”

“काय न्हाई. माझी पाळी गेली.”

दिवाळी झाली की एक दिवस ठरवून अख्खं गाव पाट नीट करतं. पावसानं तो ठिकठिकाणी ढासळलेला असतो. ज्या घरचं खोरं त्या दिवशी पाटावर चाललं, त्या घराचा एक खडा मोजणीत ठेवतात आणि त्या घराला वर्षभर पाण्याची पाळी. खोरं आलं नाही, पाळी नाही. आणि खोरं मोजतात ते पुरुषाचंच.

“दोन साल झाली. घरात गडी न्हाई, तर खोरं न्हाई,” त्या म्हणाल्या. “खोरं हाय, पर ते भितीला टेकून हाय. तुमचं ते वरचं तळं झालं, त्यातनं गावाला थोडं पाणी सोडलं, तर त्येला खोऱ्याचा हिशेब न्हाई. माझी पट्टी भिजंल. लवकर करा म्हणावं सायबाला.”

आमच्या योजनेचा या गावातला पहिला कैवारी असा मला भेटला. मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “मिळेल की. मिळायलाच पाहिजे.” माझा जीव हलका झाला. माणसाला जे हवं ते आपल्याच योजनेत आहे, याहून मोठं सुख विद्यार्थ्याला कुठलं?

देवळातली सभा

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात गाव जमलं. मध्ये नाना बसले होते. पाटाची देखरेख त्यांच्याकडं, म्हणून पाण्याच्या गोष्टीत शब्द त्यांचा. शेजारी पेन्शनीत निघालेले बापू हवालदार. बाया खांबाआड. साहेबांना त्यांचीच खुर्ची आणून दिली होती.

आण्णांनी समजावून सांगितलं. वरचं तळं, खालचं तळं, रात्री चढवायचं, दिवसा सोडायचं. हवालदार म्हणाले, “मंजी मोट वडायची, पाणी वर काढायचं, आन परत हिरीतच सोडायचं. मास्तर, बैलाला इचारलंसा का?”

देऊळ हसलं. आण्णाही हसले. ते म्हणाले, “हवालदार, बैल रात्री दावणीला उभाच असतो ना? वैरण तर खातोच. त्या वेळी त्याच्याकडून मोट ओढून घेतली, तर सकाळी टाकं भरलेलं.”

“आन बैलाची झोप?”

“हा लोखंडाचा बैल आहे.”

नानांनी मान हलवली. “समजलं. रिकामा बैल कामाला लावायचा. बुद्धी चांगली हाय.” मग साहेबांकडं वळून, “सडा आमचा चराईचा हाय. तो बुडंल. त्येच्या बदल्यात दुसरं गवत दिसलं तर हरकत न्हाई. पर पाणी आमच्या डोक्यावर साटणार, तर वरच्या तळ्यात गावाची एक पाळी पायजे.”

साहेब म्हणाले, “तळ्यातलं पाणी वाटायचं नाही. ते कामाचं पाणी आहे.”

खांबाआडून तानूबाईंचा आवाज आला, “आमी बी कामालाच मागतोय. आंघुळीला न्हाई.”

“बाई, तुम्हाला यातलं कळायचं नाही. त्या तळ्यातली प्रत्येक घागर म्हणजे वीज.”

“मग इजंचा एक दिवा तरी हितं लागंल का?”

साहेबांनी हॅट सारखी केली. हवालदारच म्हणाले, “गप ग. तारा डोंगरावरनं जाणार. आपुन खालनं बघायच्या.”

आण्णा मध्ये पडले. गावाची पाळी दिल्यानं तळ्यात कितीसा फरक पडणार, असं ते सांगू लागले. चैत्र-वैशाखात ऊन त्या तळ्यातून जेवढं पिऊन जाईल त्याच्या पासंगालाही गावाचं पाणी पुरणार नाही. साहेब हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, “चौगुले, उन्हाला आपण अडवू शकत नाही. यांना अडवू शकतो.”

मी आजवर पुष्कळ कठोर बोलणी ऐकली आहेत. दुष्काळात विहिरीवर बायका एकमेकींना काय बोलतात ते ऐकत मोठा झालो आहे. पण त्यात तहान असते. हे वाक्य पोटभर पाणी प्यालेल्या माणसाचं होतं आणि त्यात रागसुद्धा नव्हता. मला मात्र इतका राग आला की कानात घुमू लागलं. माझ्या निळ्या सदऱ्याकडं बघत बसलो.

नाना शांतच होते. ते म्हणाले, “सायेब, आमच्यात रीत हाय. पाण्याला नवा भागीदार आला की त्यो आदी पाटाला येतो. उद्या पाट हाय. खोरं घिऊन या. तुमचा बी खडा ठिवू. मग भागीदार म्हणून बसून बोलू. एक पाळी का निम्मी, मिळून ठरवू.”

परतताना वाटेत साहेब आण्णांना म्हणाले, “यांना अंधाराची सवय आहे हो. तुम्ही उगाच लाडावता.” मी मागं होतो. तानूबाई माझ्याही मागं होत्या, त्यांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी कुणाबरोबर आलो आहे याची मला लाज वाटली.

पाटावर

सकाळी मी खोरं मागून घेतलं आणि गेलो. आण्णांचा गुडघा सुजला होता. तरी ते काठी टेकत आले आणि झऱ्याच्या तोंडाशी बसून कोण काय करतो ते कौतुकानं पाहू लागले. पाट कड्याच्या कडेनं, झाडीतून वळत गावात येतो. कुठं माती ढासळलेली, कुठं दगड आडवा पडलेला. एका घराच्या वाट्याला एक तुकडा. मला झाडीतला दिला. माझ्या खालच्या तुकड्यावर तानूबाई होत्या. त्या कुणी सांगितलं म्हणून आल्या नव्हत्या. उजाडायच्या आधीच येऊन, कुणाच्या वाट्याला न आलेल्या, सगळ्यात ढासळलेल्या जागी त्या भिडल्या होत्या. येणारा-जाणारा बघत होता. कुणी हटकलं नाही, कुणी मोजलंही नाही.

“अक्का, मोजत नाहीत तर मग का?”

“आवं, पाट फुटला तर पाणी सगळ्यांचंच जातं. आन मोजत न्हाईत म्हणून हात गप ऱ्हात्यात व्हय?”

आमच्या जतकडं असा पाट नाही, कारण पाटात घालायला पाणी नाही. पण विहीर उपसायच्या दिवशी गावातल्या एकूण एक बाया रांगेत असतात, आणि घागर बाईची की बाप्याची हे विहिरीला कळत नाही. हे मी नानांना सांगायला हवं होतं. पाहुण्यानं रीतीला नावं ठेवू नयेत असं वाटून जीभ आवरली.

ऊन वर आलं तेव्हा साहेबांच्या खुर्चीचे दोन गडी खोरी खांद्यावर टाकून आले.

नानांनी विचारलं, “कुणाची खोरी?”

“सायबाची.”

“सायेब कुटं हाय?”

“दाढी करतोय.”

पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू गेलं. नाना हसले नाहीत. “पोरानू, तुमी बसा. चालून आलायसा, भाकर खावा. ती खोरी तेवडी झाडाला टेकवा.”

मला कळेना. दोन माणसं काम करायला आली आहेत, पाट लवकर होईल, मग खोरी बाजूला का ठेवायची? माझं तोंड पाहून हवालदार म्हणाले, “कालेजकर, पाट आज बांदायचा नसतोय. पाट फुटतोय ते पुसात, माघात. आवेळी, झाडीत, वाघराच्या वाटंवर. ज्येची पाळी त्यानं एकट्यानं जाऊन फूट बुजवायची. भाड्याचा गडी आज लय काम करंल. पर माघात त्यो हितं आसतोय का? म्हणून त्येचा खडा न्हाई. आज नुसतं तोंड बघायचं असतं, कोन परत येनार त्ये.”

मी खोरं टाकलं आणि गावाकडं पळालो. पुढं जे बोललो ते कसं बोललो, माझं मला नवल वाटतं. साहेब मुक्कामाच्या घरी ओसरीवर गाल पुसत होते. मी म्हणालो, “साहेब, तुम्ही स्वतः या. क्षणभर या. नुसतं खोरं हातात धरा. ते बाकीचं करतील.”

“मी कंपनीचा माणूस आहे. गडी नाही.”

“ते तुम्हाला गडी नाही, भागीदार म्हणतात.”

“तेच तर,” ते म्हणाले. “आज मी खोरं धरलं, तर उद्या ते पाळी मागतील.”

“मागतीलच. मागितलीच आहे. देणं शक्य आहे, आण्णा सांगतात.”

“मग नीट समजून घ्या. गावानं नाही म्हटलं, असं कळवायला मला दोन ओळी पुरतात. अशा जागा आणखी आहेत.”

“पण गाव नाही म्हणालेलं नाही.”

त्यांनी दाढीचा आरसा मिटला. “हो म्हणण्याच्या आधी अट घातली की त्यालाच नाही म्हणतात. शिकाल हळूहळू.”

आणि ते गेले. त्यांचे दोन गडी भाकरी खाऊन पाटावरून धावत आले. बाकीच्या दोघांबरोबर खुर्ची उचलली आणि उतरणीला लागले.

हीच ती वीज नाकारल्याची हकीकत. मी कुणाच्या आड बसून ऐकलेली नाही, समोर उभं राहून पाहिलेली आहे. ज्या गावानं चराईचा सडा द्यायची तयारी दाखवली, ज्यानं रिकाम्या बैलाची गोष्ट वर्गातल्या आमच्या मुलांपेक्षा लवकर ओळखली, ते गाव प्रगतीचं वैरी ठरलं. आणि अर्धा दिवस सोडा, अर्धी घटका हातात खोरं धरायला ज्याला जड गेलं, तो व्यवहारी ठरला. मी म्हणतो, हा व्यवहारसुद्धा नव्हे. डोंगराच्या डोक्यावर पाणी साठवायचं आणि पायाशी राहणाऱ्यांना भागीदार करायचं नाही, तर ती भिंत राखणार कोण? उन्हाला सूट आणि माणसाला बंदी, असला हिशेब कुठल्या धंद्यात बसतो? योजना खरी आहे. आण्णांचं स्वप्न खरं आहे. ती कुणीतरी उभी करावी, त्यात पैसाही मिळवावा, असं मला आजही मनापासून वाटतं. म्हणून तर चीड अधिक येते. वाईट गोष्ट बुडाली असती तर मी गप्प बसलो असतो.

पाटावर येऊन मी सांगितलं, साहेब गेले. नाना म्हणाले, “जाऊ द्या. न्हाई आवडली रीत.”

कुणीतरी म्हणालं, “गेला तर गेला. आपलं काय गेलं?”

तेव्हा तानूबाई खोरं टेकून सरळ उभ्या राहिल्या. “तुमचं काय जानार? तुमच्या पाळ्या हाईत. गेलं ते माझं गेलं. सायबानं रीत मोडली, तुमी रीत राखली, दोगं बी मोठं झालासा. माझी पट्टी कोरडीच.”

आण्णांनी मान खाली घातली. सगळे पुन्हा खोऱ्याला लागले.

दिवस कलला तेव्हा पाट झाला. झऱ्याच्या तोंडाशी एक सपाट शिळा आहे, तिच्यापाशी सगळे जमले. नाना घराचं नाव घ्यायचे आणि त्या घराचा खडा शिळेवर ठेवायचे. त्यावरून वर्षाच्या पाळ्या. सगळे झाल्यावर नानांनी आणखी एक खडा उचलला. “कालेजकराचा. खोरं सवता धरलं, मनापासनं चालवलं. रीतीनं तुमाला बी पाळी. बोला, पाणी कुटं सोडायचं? जतला?”

लोक हसले. मला हसू आलं नाही. ज्याची इथं वीतभर जमीन नाही, जो चार दिवसांत निघून जाणार, त्याला पाळी, आणि उजाडायच्या आधी आलेल्या बाईला नाही. मी म्हणालो, “माझी पाळी तानूअक्कांच्या पट्टीत सोडा.”

नानांचा चेहरा मोकळा झाला. रीत न मोडता अडचण सुटली होती. “बेस. तसं करू.”

“नगं,” तानूबाई म्हणाल्या.

“आगं, पाणी मिळतंय की.”

“दिलेलं नगं. मोजलेलं पायजे. ह्ये पुढल्या सालाला येनार न्हाईत. मग मी कुनापुढं हात पसरू?” त्या शिळेपाशी आल्या. “नाना, भाड्याचा गडी फूट बुजवायला परत येत न्हाई, म्हणून त्येचा खडा न्हाई. बराबर? मग गेल्या माघात पाट झाडीत फुटला, तवा कोन गेलं हुतं?”

नाना शिळेवरचे खडे सारखे करू लागले.

“पाळी कुनाची हुती ते न्हाई इचारत. गेलं कोन?”

नानांनी हवालदारांकडं पाहिलं. हवालदार घसा साफ करत म्हणाले, “माजी पाळी हुती. थंडीतापानं पडलो हुतो. हीच गेली हुती. एकलीच.”

“आन हे मला सालभर कुनी सांगितलं न्हाई,” नाना म्हणाले.

“इचारलं कवा?”

तानूबाईंनी खाली वाकून पाटातलाच एक ओला खडा उचलला आणि शिळेवर, रांगेच्या शेवटी ठेवला. मग पदर कमरेला खोचून तिथंच उभ्या राहिल्या. कुणी पुढं झालं नाही. आण्णांनी काठीवर दोन्ही हात ठेवले होते आणि सूर्य मावळतीला टेकला होता तरी त्यांना जेवणाची आठवण नव्हती.

नाना बराच वेळ त्या खड्याकडं बघत राहिले. तो उचलतील असं मला वाटलं. मग त्यांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली. एकेका खड्यावर बोट टेकायचं आणि बाप्याचं नाव घ्यायचं, जाधवाचा सखाराम, वरल्या घरचा धोंडी, बापू हवालदार. माझ्या खड्यावर ‘कालेजकर’. शेवटच्या ओल्या खड्यावर त्यांचं बोट आलं आणि थांबलं. तिच्या नवऱ्याचं नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं.

“तानू,” नाना म्हणाले.